आगाऊ आभार

आमच्या चर्चच्या मंडळीला एक खोड आहे. खोडच म्हणते मी, सासूबाई तिला विश्वास म्हणतात. देवाकडे काही मागायचं झालं की ही माणसं मागत नाहीत, मिळालंच असं धरून थेट आभार मानून मोकळी होतात. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसलं की, "प्रभू, तू तिला चांगलं घर दिलंस, तुझे आभार." चर्चचं छप्पर गळायला लागलं की, "तू आमचं छप्पर नीट केलंस, तुझे आभार," आणि वरून टपटप पाणी डोक्यावर. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांच्या बायकोला कौतुकाने विचारलं होतं, "कितवा महिना?" कारण नुकतेच चार जणांनी उभं राहून तिच्या बाळासाठी आभार मानले होते. ती बिचारी कशीबशी हसली. बाळाचा अजून पत्ताच नव्हता. नंतर झालं, ती गोष्ट वेगळी, पण त्या दिवशी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

माझा स्वभाव अगदी उलटा. मी शिवणकाम करते. गिऱ्हाइकाने कपडा अंगात घालून, आरशासमोर हात वर करून पाहिल्याशिवाय "छान झालाय हं" म्हटलं की माझं डोकं फिरतं. आधी घाल, वाक, बस, श्वास घे, मग बोल. त्यामुळे मंडळीत आभारांची वेळ आली की मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसायची. नवरा शेजारी गालातल्या गालात हसायचा. तो बस चालवतो. मंडळीत त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात, आणि गाण्यात त्याचा खर्जातला आवाज लागला की बाकं थरथरतात असं सासूबाईंचं म्हणणं. आईच ती, थोडं वाढवून सांगणारच.

मग साथ आली. चर्चला कुलूप लागलं, बाकं तशीच धूळ खात पडली. पाळकसाहेब गप्प बसणारे नव्हेत. त्यांनी फोनची साखळी काढली. दुपारच्या चहाच्या सुमाराला त्यांनी पहिला फोन करायचा, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत शेवटच्याने परत पाळकसाहेबांना. गाऱ्हाणी सांगायची नाहीत, ती सगळ्यांकडे पोत्याने होती. प्रत्येकाने फक्त आभार द्यायचे, आणि आधीच्यांनी दिलेले पुढे पोचवायचे. आता त्यात झालेल्या गोष्टींचे आभार कुठले आणि व्हायच्या गोष्टींचे कुठले, हे ज्याचं त्याला ठाऊक. मुरलेल्या माणसांना बरोबर कळायचं. आमच्या घरातून साखळीत सासूबाई होत्या. मी मशीनवर बसून मास्क शिवायची. गाणाऱ्यांचे पांढरे झगे कपाटात पडून होते, पाळकसाहेबांनी ते सगळे आणून माझ्या दारात ठेवले होते आणि म्हणाले होते, "कापा." कात्री लावताना मलासुद्धा जरा धडधडलं.

रस्त्यावरच्या सगळ्या बस बंद होत्या, पण हॉस्पिटलच्या सिस्टर, झाडूवाले, स्वयंपाकी यांना घरून आणायला आणि सोडायला एक बस लागत होती. ती बस माझे हे चालवत होते. मी म्हटलं होतं, "तुम्हालाच काय एवढा पुळका?" तर म्हणाले, "अगं, त्या बायका चालत जातील का?" घरी आले की बाहेरच कपडे साबणात टाकायचे, मग न्हाणीघर, मगच आत. एवढं सगळं करूनही ताप यायचा तो आलाच. आधी ताप, मग खोकला, मग जिना चढताना अर्ध्यावर थांबायला लागले, आणि एका सकाळी ते अंगावरच्या पायजम्यात आणि पायातल्या सपातांमध्ये अॅम्ब्युलन्समध्ये बसून गेले. घरातला एकुलता एक मोबाइल सोबत नेला, आणि चार्जर खुंटीवर राहिला. त्याची बॅटरी त्याच रात्री संपली असणार.

आत कुणालाच सोडत नव्हते. आम्ही हॉस्पिटलला घरचा जुना तारेचा फोन दिला होता आणि दुसरा नंबर म्हणून पाळकसाहेबांचा. रोज सकाळी एक सिस्टर फोन करायची. "ऑक्सिजन चालू आहे. ताप आहे. जेवण जात नाही." एवढंच. तिचा आवाज ऐकला की निदान दिवस ढकलता यायचा.

एका दिवशी तो फोन आला नाही.

आला नाही म्हणजे, फोन सकाळपासून खणखणत होता, पण तो हॉस्पिटलचा नव्हता. मंडळीतली एकेक जण आम्हाला धीर देत होती. एकीने ठेवला की दुसरीचा. सासूबाई प्रत्येकीशी मनापासून बोलत होत्या. मी मधूनमधून डोळे वटारत होते, पण धीर द्यायला आलेल्या माणसाला "ठेवा आता" कसं म्हणायचं? दुपारी साखळीचा फोन आला. सासूबाईंनी मान खाली घालून हळू आवाजात आपले आभार दिले, पुढचा फोन लावला, आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. कितीतरी रात्रींनी लागला होता. मी मशीनचं पायडलसुद्धा हळू मारत होते.

इतक्यात खाली रस्त्यावरून हाक आली. "ताई! ओ ताई!"

बेकरीवाली होती. ती मूळची आमच्या मंडळीतली नव्हे. साथीत तिचं दुकान अर्ध्या शटरवर आलं, ती घरोघरी पाव पोचवायला लागली, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करता करता पाळकसाहेबांनी तिलाही साखळीत घेतलं. साखळीत शेवटून दुसरी ती. हातात टोपली होती, डोक्याला रुमाल होता, मास्कच्या वर डोळे नुसते चमकत होते.

"ताई, ड्रायव्हरभाऊ आले ना घरी! आत्ताच साखळीवर कळलं. भट्टीतून काढून तशीच आले. पाव गरम आहेत, आणि हा छोटा केक. त्यांना जाईल का? मऊ आहे."

"कोण आले?" मी खिडकीतून अर्धी बाहेर.

"भाऊ! मास्तरांनी सांगितलं मला." मास्तर म्हणजे आमचे घड्याळवाले, साखळीत तिच्या आधी असतात. कुठेही वेळेवर पोचत नाहीत, तरी पोरांनी त्यांना मास्तर हे नाव कशाला ठेवलं देव जाणे. "म्हणाले, प्रभूने ड्रायव्हरला घरी आणलं, आभार माना. ताई, मी तर रडलेच."

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं त्या मंडळीत काढलेली बाई, तिला कळू नये? पण सांगते, त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं. हॉस्पिटलने पाळकसाहेबांना कळवलं! आमचा फोन लागत नव्हता म्हणून दुसऱ्या नंबरावर कळवलं. सकाळी फोन आला नाही तो म्हणूनच. त्यांना सोडलंय, आणि ते फाटकाशी सपाता घालून उभे आहेत, न्यायला कुणी नाही. ज्या बातमीसाठी जीव टांगणीला लागलेला असतो ती कुणी हातात आणून दिली, तर ती उलटीपालटी करून कोण बघतं? मीसुद्धा नाही बघितली.

पाळकसाहेबांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. साखळीची वेळ, सगळी मंडळी एकमेकांना चिकटलेली. सासूबाई शांत झोपल्या होत्या. म्हटलं, उठवायचं नाही. लेक समोर उभा करूनच उठवायचं. कपाटातून यांचा निळा शर्ट काढला, पँट काढली, बाहेर जायचे बूट काढले, त्यांच्यावरून फडकं फिरवलं, आणि पिशवीसुद्धा न शोधता सगळं हातात घेऊन जिना उतरले. बेकरीवाली टाळ्या वाजवत होती. समोरच्या खिडकीतल्या दोघीतिघींनीही वाजवल्या.

रस्ते रिकामे होते. मी चालत नव्हते, पळत होते. हॉस्पिटलच्या फाटकाला दोर बांधला होता आणि आत प्लास्टिकच्या खुर्चीवर वॉचमन बसला होता, तोंडावर मास्क, त्यावर पारदर्शक पडदा.

"माझ्या नवऱ्याला सोडलंय," मी म्हटलं. "कुठे उभे केलेत त्यांना?"

"आज कुणालाच सोडलेलं नाही, बाई."

"असं कसं? अख्ख्या गावाला माहीत आहे!"

"गावाला असेल. मला नाही."

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की नवरासुद्धा दुसऱ्या खोलीत जातो, हा तर बिचारा खुर्चीला बांधलेला. शेवटी हात जोडून म्हणाला, "थांबा, आत विचारतो." त्याने मोबाइलवर कुणालातरी नाव सांगितलं. मग ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याने माझ्या हातातल्या बुटांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली एक सिस्टर जवळजवळ धावत बाहेर आली. आवाजावरून ओळखली, रोज फोन करणारी तीच.

"तुम्ही ड्रायव्हरदादांच्या घरच्या का? अहो, सकाळपासून फोन लावतेय मी! घरचा लागत नाही, दुसरा लागत नाही. कोणाशी बोलत असता एवढं?"

मी शर्ट आणि बूट छातीशी धरले.

"त्यांचा श्वास कमी पडतोय. मशीनवर घ्यायचं ठरलंय, आत्ताच. एकदा नळी घातली की बोलता येणार नाही. झोपवूनच ठेवतात. डॉक्टर म्हणत होते, घरच्यांशी एकदा बोलणं करून द्या. तुम्ही सापडाल ही आशा आम्ही सोडली होती."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही, मी मात्र तिच्यावर बसले. तिथेच, दोराजवळ. सिस्टर म्हणाली, "उठा ताई, वेळ नाही. मोबाइल आहे का?" मी मानेनेच नाही म्हटलं. तेव्हा मघाशी माझ्या शिव्या खाल्लेल्या त्या वॉचमनने खिशातून आपला मोबाइल काढला, त्यावर दोनदा औषध फवारलं, आणि दोराच्या वरून हात लांब करून माझ्यासमोर धरला. स्वतः तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिला. मी बोलून होईपर्यंत त्याचा हात खाली आला नाही.

सिस्टर त्याचा नंबर घेऊन आत पळाली, वरून व्हिडिओ कॉल लावला, आणि मोबाइलच्या पडद्यावर यांचं तोंड दिसलं. दाढी वाढलेली, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे कुठेतरी खोल. त्यांनी मला पाहिलं. मग माझ्या हातातलं पाहिलं.

"न्यायला आलीस?" आवाज कसला, नुसती हवा.

आता मी काय सांगायचं? मशीनवर घेणार आहेत म्हणून निरोप घ्यायला आले? मला तर तसं म्हणून यायचंच नव्हतं. मी शर्ट वर धरला.

"मग काय फिरायला आले?"

"बूटपण आणलेस."

"पायजम्यावर रस्त्याने नेऊ का तुम्हाला? लोक काय म्हणतील?"

ते हसले. हसताना खोकला आला, सिस्टरचा हात मधे आला, ती म्हणाली, "आता पुरे, दादा. थोडं झोपायचं." ते म्हणाले, "थांब हं." मला म्हणाले की सिस्टरला, कळलं नाही. पडदा काळा झाला.

घरी कशी आले आठवत नाही. सासूबाई जाग्या झाल्या होत्या. टेबलावर पावाची टोपली आणि तो केक, आणि त्या बावरून त्याच्याकडे बघत बसलेल्या. मी बूट खाली ठेवले आणि विचारलं, "हे घरी आले म्हणून साखळीत कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुठे? मी आभार मानले," त्या म्हणाल्या. "प्रभू, तू माझ्या लेकाला घरी आणलंस, म्हणून."

मग मात्र माझा बांध फुटला. कधी उलट बोलले नव्हते असं नाही, पण असं कधी बोलले नव्हते. म्हटलं, ज्या गोष्टीचा पत्ता नाही तिचे आभार मानता, देवाला काय लाजवायचंय का तुम्हाला? म्हटलं, तुमच्या धीर देण्यापायी हॉस्पिटलचा फोन लागला नाही. म्हटलं, हे तिकडे श्वासाला महाग झालेत आणि इकडे केक आलाय! मी फोन उचलला, पाळकसाहेबांना लावला. या वेळी लागला. त्यांनाही सोडलं नाही.

मग ते म्हणाले, "चुकलं आमचं. खरंच चुकलं. आता ड्रायव्हरची तब्येत कशी आहे ते मला नीट सांग. जशी आहे तशी."

मी सांगितलं. सांगता सांगता रडले. ते मधे एकदाही "सगळं ठीक होईल" म्हणाले नाहीत, त्याबद्दल मला त्या माणसाविषयी पहिल्यांदाच आदर वाटला.

दुसऱ्या दिवसापासून आमचा फोन गप्प झाला. इतका गप्प की मी मधूनमधून उचलून चालू आहे का ते बघायची. पाळकसाहेबांनी सगळ्यांना दम भरला होता, ड्रायव्हरच्या घरी फोन करायचा नाही, तो फोन हॉस्पिटलसाठी मोकळा. आणि आणखी एक फर्मान काढलं. ड्रायव्हर घराच्या दारातून आत येत नाही तोवर मंडळीत कुणीही आगाऊ आभार मानायचे नाहीत. आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल, तेवढ्याचेच मानायचे.

फोन करता येत नाही म्हटल्यावर माणसं चालत यायला लागली. रोज कुणीतरी एक जण डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी हॉस्पिटलच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं, वॉचमनकडून खबर घ्यायचं, आणि आमच्या खिडकीखाली रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ओरडून सांगायचं. खबर सांगून झाली की आपले आभार सांगायचे आणि जायचं. पहिल्या दिवशी खुद्द पाळकसाहेब आले. "मशीनवर आहे. बदल नाही," ते ओरडले. मग जरा थांबून म्हणाले, "आज वॉचमनने मला हाकललं नाही. प्रभू, तुझे आभार."

घड्याळवाले मास्तर आले ते अर्थात उशिरा. मी सकाळपासून खिडकीत ताटकळलेली. तापले होते. ते म्हणाले, "ताप उतरलाय. मशीन आहेच. आणि बाई, आज बायको माझ्याशी बोलली. म्हणाली, वेळेवर जा. म्हणजे रागावलीच, पण बोलली." समोरच्या खिडक्यांमधून हसू फुटलं. मलाही आलं, आणि आलं म्हणून रागही आला. एकजण म्हणाली तिच्या जिभेला चव परत आली. एका म्हाताऱ्याने सांगितलं की आज त्याला स्वतःच्या पायाची नखं कापता आली. एवढ्याशा गोष्टी, पण अंगात घालून, आरशात पाहून सांगितलेल्या. मी मशीनवर बसून ऐकत नाही असं दाखवायची, आणि पायडल मात्र थांबलेलं असायचं.

बेकरीवाली कधी खिडकीखाली आली नाही. रोज पहाटे दाराशी पाव असायचे. बेल वाजायची, मी दार उघडेपर्यंत जिन्यात पावलं पळालेली असायची. साखळीतूनही तिने अंग काढून घेतलं होतं, असं सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "बरं." तेव्हा माझ्या मनात तिच्यासाठी जागाच नव्हती.

सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी जपून बोलायच्या. जेवताना डोळे मिटायच्या, ओठ हलायचे, पण आवाज नाही. एका संध्याकाळी मलाच राहवलं नाही. विचारलं, "मामंजी आजारी होते तेव्हाही मानले होते का आगाऊ?"

"रोज."

"ते तर गेले."

"गेले." त्या ताटातला पावाचा तुकडा मोडत राहिल्या. "पण ते होते तेवढे दिवस मी त्यांच्या उशाशी हसतमुखाने बसले, पोरी. एरवी मला जमलं नसतं. तुला राग येतो, तू मशीन बडवतेस. मला मशीन कुठे येतंय? मला एवढंच येतं."

मी उठून त्यांच्या वाटीत सूप वाढलं. माफी मागायला मला कधी धड आली नाही, सूप वाढता येतं. त्यांना कळलं. "मीठ कमी आहे," म्हणाल्या, म्हणजे आमचं मिटलं.

मग एक दिवस असा आला की रस्त्यात कुणी उभं राहिलं आणि बोलेचना. पाळकसाहेबांची बायकोच होती. मी खिडकीची चौकट धरली. ती मास्क हनुवटीवर ओढून श्वास घेत होती, पळत आली होती. "नळी काढली!" ती ओरडली. "त्यांनी पाणी मागितलं! वॉचमनने स्वतः वर जाऊन विचारून आणलंय, मी तिथेच उभी होते, मी ऐकलंय!" मागून सासूबाई आल्या, माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली, आणि आम्ही दोघी त्या खिडकीत अडकल्यासारख्या उभ्या राहिलो. आभार कुणीच मानले नाहीत. सुचलेच नाहीत.

हे घरी आले तेव्हा दुपार होती. अॅम्ब्युलन्समधून उतरताना दोघांनी धरलं होतं, मी पाठवलेला निळा शर्ट अंगावर हॅंगरला टांगल्यासारखा. रस्त्याच्या कडेकडेने अख्खी मंडळी उभी, अंतर राखून, गाणाऱ्यांच्या झग्यांचे पांढरे मास्क लावून. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी गायलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मला कळेना काय ते. मग लक्षात आलं, परवानगीची वाट बघत होते! हे उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय आभार मानायचे नाहीत, आणि सांगायचं मी होतं. एवढी दहशत. मी यांना आत घेतलं, खुर्चीत बसवलं, खिडकीशी गेले आणि म्हटलं, "आले. बसलेत. माना आता." मग जो आवाज उठला, त्यात माझाही होता. मी पर्स शोधली नाही.

दोन घास खाऊन हे पडले. मी उशाशी बसले. म्हटलं, झोपा. तर म्हणाले, "झोप पुरे झाली." मग हळूहळू, थांबत थांबत बोलायला लागले.

"त्या दिवशी सिस्टर म्हणाली ना, थोडं झोपायचं. मला माहीत होतं झोप म्हणजे काय. शेजारचा असाच झोपवला होता, उठला नाही. मी घाबरलो होतो. इतका की हात बांधायची वेळ आली होती. मशीन नको म्हणत होतो. मग तू दिसलीस. हातात शर्ट, हातात बूट. म्हटलं, ही बाई खात्री झाल्याशिवाय कुठल्या गोष्टीला हात लावत नाही. ही न्यायला आलीय म्हणजे मला घरी जायचंच आहे. मग म्हटलं, घाला नळी. ही फाटकाशी उभी आहे, उगाच ताटकळेल." त्यांनी दम घेतला. "तुला कुणी सांगितलं होतं गं, मला सोडणार म्हणून?"

मी सांगितलं. सासूबाईंचे आभार, मास्तरांचा निरोप, बेकरीवालीचा केक, सगळं. वॉचमनला दिलेल्या शिव्यासुद्धा.

ते छताकडे बघत राहिले. "म्हणजे बेकरीवाली आली नसती, तर तूही आली नसतीस."

"फोन लागत नव्हता. मला कळलंच नसतं."

"मग तिला सांगितलंस का हे?"

पायात चपला घातल्या आणि निघाले.

बेकरीचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत पाहिलं. ती लाकडी पाटावर कणीक मळत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. मला पाहून तिचा चेहरा पडला.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं, तुमच्यात असं असतं म्हणून. मला वाटलं..."

"गप्प बस," मी म्हटलं. "एकदा तरी मला नीट बोलू दे. मला हे येत नाही, मधे बोललीस तर राहून जाईल."

मी काउंटरच्या अलीकडे, ती पलीकडे.

"तू आलीस म्हणून मी गेले. मी गेले म्हणून त्यांनी मला पाहिलं. मला पाहिलं म्हणून ते मशीनला तयार झाले, भीती गेली त्यांची. आज ते घरी बसलेत, मी स्वतः पाहिलंय. तू केलंस हे. तुझे आभार मानायला आलेय."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात पिठात, पुसणार कशाने? मला पुढे होऊन पुसता येईना, साथीत कुणाच्या तोंडाला हात लावायचा नाही. माझा स्वतःचा मास्क ओला होऊन नाकाला चिकटला होता. दोघी तशाच उभ्या राहिलो, मधे पिठाचा पाट.

मग ती म्हणाली, "भाऊंना काय जातं आता?"

"मऊ असेल ते," मी म्हटलं. "उद्या आण. पण बेल वाजवून पळायचं नाही. खाली थांब. ते खिडकीत येतील."